दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक व्हायचंय?
एमएसडब्ल्यूला (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला) 'वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य' हाच विषय घ्या. सरकारी जाहिरातीत पद 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' या नावानं शोधा.

धुळ्यात लागले तेव्हा माझा पहिला आठवडा नुसता रेशनकार्डांत गेला. साक्रीकडच्या एका बाईचं नाव कार्डावर 'सखूबाई', आधारवर 'सकुबाई'. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची, म्हणजे सरकारी मोफत उपचारांची, मंजुरी तिथंच अडली. म्हणून आधी कागद बघा, ऑपरेशनची तारीख मग.

धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के आर्थिक दुर्बलांना सवलतीत. हे तोंडपाठ हवं. नंदुरबारला जाणार असाल तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार समजून घ्या. कंत्राटी पगार उशिरा होतो, उसनवारीची सोय ठेवा.

आणि अहिराणी, ही इकडची खानदेशी बोली, शिका. 'काय व्हयनं माय?' (काय झालं माय?) म्हटलं की पिशवीतले कागद आपोआप बाहेर येतात.