मेपलच्या रसाचा डायफ्रॅम पंप : रस मंदावला की व्हॅक्यूम कमी का होतो?

मेपलच्या झाडांना भोक पाडून पाकासाठी गोड रस काढतात, आणि पंप तो नळ्यांतून व्हॅक्यूमने ओढतो. लक्षण असं : अमेरिकेतल्या व्हरमाँटमधली सपाट जमीन, ५/१६ इंची नळ्या, १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप (रबरी पडदा हलवून रस ओढणारा). दुपारी रस जोरात असताना व्हॅक्यूम गेज (पाऱ्याच्या) २० इंचांच्या वर, संध्याकाळी धार बारीक झाली की काटा १० च्या खाली. पंप मात्र चालूच.

क्लॅम्प आवळले, डायफ्रॅम बदलला, झाडांवरच्या तोट्या पुन्हा ठोकल्या. फरक शून्य, डोकं मात्र फिरलं.

आधी दोष कुठे आहे ते ठरवा. गेज पंपाच्या तोंडाशी हवा, त्याच्या अलीकडे, म्हणजे झाडांच्या बाजूला, बॉल व्हॉल्व्ह. तो बंद करा. काटा चढला तर गळती नळ्यांत. रसासोबत धावणारे बुडबुडे जिथून सुरू होतात तिथे शोधा. चढलाच नाही तर दोष पंपात, आणि बहुतेक वेळा पंप मोडलेला नसून कोरडा असतो. त्याच्या रबरी झडपा ओल्या असल्या तरच हवाबंद बसतात.

उपाय म्हणजे थोडा रस परत पंपात फिरवणे, म्हणजे धार बारीक असतानाही झडपा ओल्या राहतात. पंपाच्या बाहेरच्या नळीचं टोक उंचावरच्या बादलीत सोडा. बादली भरली की जास्तीचा रस टाकीत जाईल अशी सोय ठेवा. बादलीच्या तळातून एक नळी काढून, मध्ये नीडल व्हॉल्व्ह (धार बारीक-बारीक कमीजास्त करणारा) बसवून, गेज आणि पंप यांच्यामध्ये टीने (तीन तोंडांच्या जोडाने) जोडा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवून पंप सुरू करा, मग अगदी हळू उघडा. काटा चढून थांबेल. आणखी उघडल्यावर उतरू लागला की किंचित मागे या. जास्त उघडलात तर पंप तोच रस घुमवत बसतो.

टीच्या आधी जाळी हवीच : भोक पाडतानाचा लाकडाचा भुसा झडपेत अडकतो. रात्री गोठणार असेल तर ही नळी आणि पंपाचं डोकं रिकामं करा.