डेबियनवर बिल्ड होतंय, उबुंटूवर अडतंय

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपसाठीचा सी प्रोग्राम माझ्या डेबियन लिनक्सवर निमूट बिल्ड व्हायचा, म्हणजे सोर्सपासून चालणारी फाइल तयार व्हायची. त्यांच्या उबुंटू लिनक्सवर लिंकर (प्रोग्रामला लायब्रऱ्या जोडणारा) 'अनडिफाइंड रेफरन्स टू एसक्यूआरटी', म्हणजे वर्गमूळाचं फंक्शन सापडत नाही, म्हणत अडून बसायचा. पॅकेजं सगळी होती. मित्र म्हणाला, "भावा, फॉरमॅट मार." उगाच! मेकफाइलमधली (बिल्डच्या सूचनांची फाइल) जीसीसी या कंपायलरची ओळ नीट बघितली, तर '-एलएम', म्हणजे गणिताची लायब्ररी जोडायची खूण, सोर्स फाइलच्या आधी. उबुंटूचं जीसीसी लिंकरला 'ॲज-नीडेड' (गरज असेल तरच जोड) हा पर्याय आपणहून देतं. मग तोवर कुणी न मागितलेली लायब्ररी तो सोडून पुढं जातो. डेबियनवर तसं नाही, म्हणून तिथं खपून गेलं. '-एलएम' ओळीच्या शेवटी नेलं, मेक क्लीन, पुन्हा मेक. झालं की बिल्ड! मेकफाइलमध्ये लायब्ररी 'एलडीफ्लॅग्ज' या व्हेरिएबलऐवजी 'एलडीलिब्ज'मध्ये लिहिली, तर मेकच्या तयार नियमात ती आपोआप शेवटी येते.