सिरीयल पोर्टला कोणतं यंत्र जोडलंय, हे कसं ओळखाल?

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या किंवा शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात कॉम्प्युटरमागे हात घाला, दोन-तीन सिरीयल केबली हाताला लागतील. एक वजनकाट्याची, एक मापन यंत्राची. तिसरी कशाची हे फक्त जोडणाऱ्याला ठाऊक, आणि तो नोकरी सोडून गेलेला. यूएसबीचं यंत्र जोडल्याजोडल्या स्वतःची ओळख सांगतं. सिरीयल पोर्ट ज्या मानकावर चालतो, त्या १९६० साली आलेल्या आरएस-२३२ मध्ये तशी सोयच नाही.

आधी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पोर्ट्स’ उघडा. कॉम १, कॉम ४ असे क्रमांक दिसतील. शेजारी एफटीडीआय, प्रोलिफिक किंवा सीएच३४० लिहिलेलं असेल तर हुरळून जाऊ नका. ते यूएसबीला सिरीयल केबल जोडणाऱ्या कन्व्हर्टरमधल्या चिपचं किंवा चिपच्या कंपनीचं नाव, पलीकडच्या यंत्राचं नव्हे. काम थांबवून कन्व्हर्टर उपसा. जो क्रमांक गायब होईल, तो त्याचा.

आता पुट्टी (पोर्टवर आलेली अक्षरं दाखवणारा मोफत प्रोग्राम) उघडून त्यात ‘सिरीयल’ निवडून तो क्रमांक टाका. वेग ९६००, डेटा बिट ८, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. पोर्ट उघडतच नसेल तर बहुधा बिलिंगचं सॉफ्टवेअर तो धरून बसलंय. ते बंद करा.

लगेच काही टाइप करू नका, नुसतं बघा. बरेच वजनकाटे न विचारता आकडे पाठवत राहतात. काट्यावर चहाचा कप ठेवा. स्क्रीनवरचा आकडा हलला की ओळख पटली. चित्रविचित्र अक्षरं आली तर वेग चुकलाय: २४००, ४८००, १९२०० करून पाहा. तरीही जमेना तर ७ बिट आणि ईव्हन पॅरिटी.

काहीच येत नसेल तर नऊ पिनांची केबल कॉम्प्युटरकडून सोडवा, यंत्र चालूच ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळ्या वायरचं टोक केबलच्या ५ नंबरच्या पिनवर. लाल वायरचं टोक २ आणि ३ नंबरच्या पिनांवर आळीपाळीने टेकवा. जिथे उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसतील, तिथून यंत्र बोलतं. कॉम्प्युटर ऐकतो पिन २ वर. व्होल्ट ३ वर मिळाले तर मध्ये नल मोडेम, म्हणजे २ आणि ३ च्या तारांची अदलाबदल करणारा जोड, हवा. दोन्हीकडे शून्य असेल तर केबल तुटलीय किंवा यंत्र आरएस-२३२ चं नाही.

व्होल्ट आहेत पण यंत्र गप्प, तर मग विचारा. तारांकन, आयडीएन ही इंग्रजी अक्षरं आणि प्रश्नचिन्ह सलग टाइप करून एंटर दाबा. एससीपीआय ही मापन उपकरणांची ठरलेली आज्ञा-भाषा पाळणारी मल्टिमीटर, पॉवर सप्लायसारखी उपकरणं कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर एका ओळीत देतात. मेटलर टोलेडोच्या बऱ्याच काट्यांना इंग्रजी कॅपिटल ‘आय’ आणि ४ सलग पाठवलं की सिरीयल नंबर येतो.

सीएनसीच्या, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या, केबलवर मात्र हे प्रश्न विचारू नका. ती मशीन प्रोग्राम घ्यायच्या तयारीत असेल, तर तुमचं टायपिंग थेट प्रोग्राममध्ये शिरेल.