ठशांच्या छपाईचे फुलांचे लिनन : निवड आणि शिवण

जयपूरजवळच्या सांगानेरची छपाई पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीवरील नाजूक फुलांच्या बुट्ट्यांसाठी ओळखली जाते आणि जवसाच्या धाग्यांपासून विणलेल्या लिननवर ती विशेष खुलते. विकत घेताना कापड उजेडात धरून दोन ठशांचा सांधा नीट पाहावा. हातछपाईत एखादी पाकळी बाह्यरेषेबाहेर किंचित सरकलेली असते, रंग कुठे दाट तर कुठे विरळ उतरतो. यंत्रावरच्या छपाईत मात्र प्रत्येक फूल हुबेहूब सारखे असते. ही थोडी विषमता मला कापडाचे खरे सौंदर्य वाटते.

बेतण्यापूर्वी कापड धुणे कधीही टाळू नये. लिनन पहिल्या धुण्यात आटते, म्हणून मापापेक्षा सुमारे १० टक्के जास्त कापड घ्यावे, कोपऱ्यावर ओले पांढरे फडके घासून रंग सुटतो का ते तपासावे आणि मग सगळे कापड थंड पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळत घालावे. ते थोडे दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री केल्यास चुण्या सहज जातात.

पडद्यासाठी दोन पन्हे (कापडाच्या पूर्ण रुंदीचे तुकडे) जोडायचे असतील, तर नक्षी किती अंतराने पुन्हा येते ते मोजून दुसऱ्या पन्ह्याला तेवढे कापड वाढवावे, अन्यथा शिवणीवर फुले अर्धवट तुटतात. पश्चिमेकडील खिडकीच्या पडद्याला सुती अस्तर अवश्य लावावे, कारण दुपारच्या कडक उन्हाने रंग लवकर विटतात. उरलेल्या तुकड्यांतून उशांचे अभ्रे बेतताना मोठे फूल मधोमध येईल असे पाहावे.