फळांचं सिरप बिघडतं कुठे? या चुका टाळा

माझं पहिलं स्ट्रॉबेरीचं सिरप पाचव्या दिवशी फसफसलं. झाकण फिरवताच सोड्याची बाटली उघडल्यासारखा आवाज झाला, पाठोपाठ आंबूस वास. साखर आणि पाणी तर समसमान घेतलं होतं, अगदी काट्यावर तोलून. हिशोबात धरायचं राहिलं ते फळातलं पाणी.

स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असतं, अननसात ८६ टक्क्यांच्या आसपास. आता गणित बघा. अर्धा किलो साखर आणि अर्धा किलो पाणी म्हणजे ५० टक्के साखरेचं सिरप. त्यात फळ घालून शिजवलं आणि फळातून ३५० ग्रॅम रस सुटला, तर साखरेचं प्रमाण थेट ३७ टक्क्यांच्या आसपास येतं. इतक्या पातळ गोड पाण्यात यीस्टची चंगळच होते. म्हणून रसाळ फळांना वरून पाणी घालायचंच नाही. आधी रस काढा, गाळा, तोला आणि त्याच्या वजनाइतकी साखर घ्या. पाणी फक्त सफरचंदासारख्या घट्ट गराच्या फळांना, तेही तुकडे जेमतेम बुडतील इतकंच. ते शिजवून गाळलं की पुन्हा तोलायचं, साखर त्या वजनावर.

तोलायचं म्हणते आहे, मापायचं नाही. २४० मिलीच्या कपात पाणी २४० ग्रॅम बसतं, पण साखर २०० ग्रॅमच. त्यामुळे 'एकास एक कप' केलेलं सिरप ५० नाही, ४५ टक्क्यांचं होतं. लगेच संपवणार असाल तर चालून जाईल, टिकवायचं असेल तर नाही.

दुसरी मोठी चूक आचेची. पाक करायची सवय असलेला हात सिरपही उकळत ठेवतो आणि बोटांत तार बघायला लागतो. सिरपला तार नको. साखर विरघळली, रस स्वच्छ दिसू लागला की आपलं काम झालं. फळाचा वास हा हलका, उडून जाणारा असतो. स्वयंपाकघरात स्ट्रॉबेरीचा घमघमाट सुटला, तर तेवढा वास बाटलीतून वजा झाला म्हणायचा. वीस मिनिटं खळखळ उकळलेल्या सिरपला जॅमची चव येते आणि लाल रंग विटकरी होतो. जॅमच हवा असेल तर गोष्ट वेगळी.

मऊ फळांसाठी मी आता आच जवळजवळ वापरतच नाही. फळं चिरायची, त्यांच्याच वजनाइतकी साखर भुरभुरायची, भांडं झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि सकाळी तळाशी गडद रस जमलेला असतो. गाळताना तळाची न विरघळलेली साखरही खरवडून रसात घ्यायची आणि ती विरघळेपर्यंत मंद आचेवर कोमट करायचं, एवढंच. उरलेल्या फोडी टाकू नका, दह्यात छान लागतात. असं सिरप वासाला सरस असतं, मात्र उकळलेलं नसल्याने आठवड्याभरात संपवावं.

गाळताना धीर धरवत नाही, हे मान्य. पण फडकं पिळलं की गराचे बारीक कण आणि पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातला पदार्थ) रसात उतरतं. सिरप गढूळ होतं, तळाशी साका बसतो. फडकं टांगून ठेवा आणि आपण दुसऱ्या कामाला लागा.

हेच पेक्टिन आणखी एक घोळ घालतं. सफरचंद, पेरू, संत्र्याची साल यांत ते भरपूर. त्याला आंबटपणा मिळाला आणि उकळून उकळून साखर ६० टक्क्यांच्या पुढे गेली की बाटलीत सिरपऐवजी जेली सापडते. थोडं गरम पाणी घालून घोटा, कोमट करा, गुठळ्या गाळून घ्या. पातळ होतं, पण साखरेचं प्रमाण घटलेलं असतं, म्हणून आधी संपवायचं.

तळाशी खडीसाखर जमली तर? दोन भाग साखर, एक भाग पाणी या दाट सिरपमध्ये हे हमखास होतं. त्यात साखर ६७ टक्क्यांच्या जवळ असते आणि २० अंश तापमानाला पाणी साधारण तेवढीच साखर धरू शकतं. फ्रीजमध्ये ती मर्यादा आणखी खाली येते, मग जास्तीची साखर दाणे धरते. भांड्याच्या कडेला चिकटलेला एखादा दाणाही त्याला पुरतो, म्हणून उकळी फुटल्यावर ढवळत बसू नये आणि कडा ओल्या ब्रशने पुसून घ्याव्यात. शिजताना चमचाभर लिंबाचा रस घातला तर थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि दाणे धरणं लांबतं. दाणे झालेच असतील तर बाटली गरम पाण्यात उभी करा, चमचाभर पाणी घाला, विरघळतात.

लिंबू-संत्र्याचं सिरप कडू झालं तर दोष सालीखालच्या पांढऱ्या भागाचा. वरची रंगीत साल तेवढी किसायची, आणि रस आच बंद केल्यावर घालायचा.

लाल-जांभळ्या फळांचा रंग आंबटपणावर टिकतो. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर तो निळसर, मळकट होतो, थोड्या लिंबाने पुन्हा उजळतो. भांडं स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड आंबट रसाशी भांडतात.

टिकवण्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. काचेची बाटली आणि झाकण उकळून कोरडं करा. उकळलेलं सिरप गरम असतानाच गरम बाटलीत भरा. अर्धी बाटली भरून वाफ कोंडली तर झाकणातून थेंब टपकतात, वरचा थर पातळ होतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरावी. बुरशी दिसली तर वरवर काढून खाली उरलेलं वापरू नका. फसफसलेलं सिरप परत उकळून 'वाचवू' नका, ओतून द्या. आतला वायू साठून घट्ट झाकणाची बाटली फुटूही शकते, तेव्हा उघडताना तोंड दुसरीकडे.

कलिंगड, पपई, केळं ही फळं गोड आहेत पण आंबट नाहीत. त्यांचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) बहुधा ४.६ च्या वर असतो, आणि त्या पातळीला धोकादायक जिवाणूंना आंबटपणाचा अडसर राहत नाही. त्यांच्या सिरपमध्ये लिंबाचा रस घाला आणि तरीही ते फ्रीजमध्येच ठेवा, कपाटात नाही. जास्त झालं तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरला. साखरेऐवजी शुगर-फ्री गोडवा वापरलात तर टिकाऊपणाची अपेक्षाच सोडा. तो चव देतो, पाणी बांधून ठेवत नाही.

आणि दुधात घालणार असाल तर दूध गार हवं. आंबट सिरप गरम दुधात पडलं की दूध डोळ्यांदेखत फुटतं.