हेडफोनची तुलना करताय? या चुका टाळा

परभणी-नांदेडकडं चांगला हेडफोन विकत घेण्याआधी कानाला लावून बघायला क्वचितच मिळतो. मित्राचा दोन दिवसांसाठी मागून आणायचा, आपल्याजवळच्याशी ताडून बघायचा आणि मग खिशात हात घालायचा, हीच रीत. ते दोन दिवस वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक आवाजाच्या पातळीची. जो किंचित मोठ्यानं वाजतो, तोच कानाला चांगला वाटतो. फरक एखाद्या डेसिबलचा असला की ‘हा मोठा वाजतोय’ असं आपल्याला जाणवत नाही. ‘हा मोकळा आहे, भरीव आहे’ असं वाटतं. सेनहायझर एचडी ६०० चा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, ३०० ओहम, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्सचा ३८. दोन्ही एकाच डोंगलला, म्हणजे फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरला, लावले आणि व्हॉल्यूम तसाच ठेवला, तर एचडी ६०० खूपच हळू वाजतो आणि ‘यात दम नाही’ म्हणून उगाच बाजूला पडतो.

यावर माझा उपाय पुठ्ठ्याचा आहे. जाड पुठ्ठ्याला मधोमध छोटं भोक पाडा, एका बाजूनं हेडफोनचा कप टेकवा, दुसऱ्या बाजूनं भोकाशी फोनचा माईक धरा. पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला, एकसारखा सळसळणारा चाचणीचा आवाज) वाजवून साउंड मीटरच्या अ‍ॅपवर आकडा बघा. तो आकडा काटेकोर खरा नसतो, पण फोन, पुठ्ठा, जागा तीच ठेवली तर दोन्ही हेडफोन जवळपास एका पातळीवर आणता येतात. पुढचं सगळं ऐकणं यानंतर.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘खर्जच नाही.’ क्लोज्ड बॅक, म्हणजे कप बाहेरून बंद असलेला हेडफोन, असेल तर आधी चष्मा काढून ऐका. काडीमुळं पॅड आणि कातडी यांत फट राहते आणि तिथूनच खालचे सूर निसटतात. माझ्या मित्रानं याच कारणानं एक जोड नापास केला होता. मी दोन्ही कप तळव्यांनी हलकेच दाबले, तसा संबळाचा घुमारा लगेच परतला. चष्मेवाल्यांनी बारीक काडीची फ्रेम घालून पुन्हा बघावं.

गाणी निवडताना ‘टेस्ट ट्रॅक’च्या याद्यांमागे लागू नका. माहूर-तुळजापूरकडचा गोंधळ ज्यानं जवळून ऐकलाय, त्याला संबळाच्या काडीचा ठोका आणि तुणतुण्याची तार कशी वाजायला हवी हे पक्कं ठाऊक असतं. तेच वीस सेकंदांचे तुकडे आलटून पालटून लावा. कानाची स्मरणशक्ती फार तोकडी असते. काल ऐकलेला आवाज आज आठवून केलेली तुलना मी तरी धरत नाही.

कूलर चालू ठेवून ओपन बॅक, म्हणजे कप बाहेरून जाळीदार असलेला हेडफोन, ऐकणं ही आपल्याकडची खास चूक. त्याची घरघर थेट आत येते आणि खर्ज झाकून टाकते. मे महिन्यात पहाटे पाच-साडेपाचला, कूलर बंद करून अर्धा तास ऐका.

आरामाचं मात्र उलटं आहे. ती परीक्षा भर दुपारीच घ्या, आणि सलग दोन तास. दहा मिनिटांत सगळेच हलके वाटतात. एचडी ६०० चं वजन २६० ग्रॅम, हायफायमॅन सुंदाराचं ३७२. हा फरक टाळूला तासाभरानं कळतो. ४२ अंशांत रेक्झिनच्या पॅडखाली घामाची धार लागते, कानाची पाळी आतल्या जाळीला टेकत असेल तर ती दुखायला लागते. मखमली पॅड थंड पडतात खरे, पण पॅड बदलले की आवाजही बदलतो, बहुधा खर्ज कमी होतो. म्हणून जे पॅड रोज वापरणार, त्यांच्यासकटच आवाज ठरवा.

आणि मागून आणलेल्या जोडाचे पॅड दाबून बघायला विसरू नका. दोन-तीन वर्षं वापरून चपटे झाले असतील, तर ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) कानाच्या जवळ सरकलेला असतो आणि नव्या जोडाचा आवाज तसा नसेल.