जूनआधी कथकच्या क्लासची तयारी: फरशी, घुंगरू आणि तीस तास

डोंबिवलीत मी कथक शिकवते. क्लासचं वर्ष शाळांबरोबर जूनमध्ये सुरू होतं, पण माझी तयारी मेच्या दुसऱ्या आठवड्यातच चालू होते, तीही मोजपट्टी घेऊन. नव्याने क्लास काढणाऱ्या मुली आधी जाहिरातीचं विचारतात. मी म्हणते, आधी हॉल मोजा.

माझा हॉल वीस फूट बाय पंधरा. पुढचे पाच फूट मला, तबल्याला आणि लेहऱ्याच्या (तालाबरोबर सतत वाजणारी धून) स्पीकरला जातात. उरतात पंधरा बाय पंधरा. बारा वर्षांची मुलगी हात पसरून चक्कर घेते तेव्हा तिला पाच फुटांचा चौकोन लागतो. म्हणजे तीन रांगा, नऊ मुली. सुरुवातीची दोन वर्षं मी याच जागेत सोळा जणी उभ्या केल्या. मागच्या रांगेतल्या मुलींना हात अर्धेच उघडायची सवय लागली आणि ती मोडायला पुढचं अख्खं वर्ष गेलं. त्या मुलींचं नुकसान माझ्यामुळे झालं, ते मला अजून खुपतं. आता दहावी मुलगी आली की तिचं नाव वहीत लिहून ठेवते आणि जागा झाली की बोलावते. खर्चाचं गणितही नऊ मुलींवरच बसवा. भाडं, तबलजींचं मानधन, वीजबिल एवढ्या फीतून निघत नसेल तर बॅच वाढवा, फी वाढवा. रांग वाढवू नका.

फी मी तीन महिन्यांची एकदम घेते आणि पावती देते. सणांच्या सुट्ट्यांची फी वजा होत नाही, हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांना समोर बसवून सांगते.

मग कालनिर्णय काढायचं. मुली ज्या कथकच्या परीक्षांना बसतात, त्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात. पंधरा जून ते पंधरा नोव्हेंबर म्हणजे बावीस आठवडे, आठवड्याला दोन याप्रमाणे 44 तास. त्यातून गणपतीचे तीन, नवरात्र-दसऱ्याचे दोन, दिवाळीचे चार आणि शाळेच्या सहामाही परीक्षेचे दोन वजा करा. मुसळधार पावसात लोकल बंद पडते, तबलजी कल्याणहून येऊ शकत नाहीत, त्याचे तीन धरा. उरले तीस. या तीस तासांत कोणाचा तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, ठाय (मूळ लय), दुगुन (दुप्पट), चौगुनीत (चौपट) हाताने ताल धरून स्वच्छ येईल, एवढंच बघून मी परीक्षेची नावं ठरवते. पालक घाई करतात, त्यांना हीच वजाबाकी कागदावर दाखवते. बहुतेकांना पटते.

बॅच वयावर नाही, तयारीवर लावा. नोकरी करणाऱ्या बायकांची बॅच मी सव्वाआठला ठेवते. ठाण्या-मुंबईहून गाडीने येऊन, घरी पाणी पिऊन निघायला तेवढा वेळ लागतोच.

मेअखेरीचा एक अख्खा दिवस घुंगरांसाठी राखा. लहान मुलींना मी एका पायाला पन्नास घुंगरं देते. प्रत्येक पदर हातात घेऊन एकेक घुंगरू कानाशी हलवायचं. आतला खडा पडलेला असेल तर ते मुकं असतं. चिमटीत धरलं की लगेच कळतं. वर्षभराच्या घामाने दोरी कडक आणि काळी पडलेली असते. अशी दोरी धुवत बसू नका, कापून टाका. सुटी घुंगरं चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून चोळायची, धुवायची आणि उन्हात पूर्ण वाळवायची. आत पाणी राहिलं तर खडा गंजतो. मग नव्या सुती दोरीत एकेक ओवून प्रत्येक घुंगरापाशी गाठ. गाठ घट्ट हवी. एक सुटली तरी शेजारची घुंगरं सरकतात आणि टोचायला लागतात. मोठ्या मुलींना मी हे काम शेजारी बसवून शिकवते. ज्या मुलीने स्वतः ओवलीत, ती घुंगरं कधी दप्तरात कोंबत नाही. पावसाळ्यात ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची नाहीत, खुंटीला टांगायची.

फरशीकडे दुर्लक्ष नको. एका जूनमध्ये छत्र्यांचं पाणी दारातून आत आलं आणि आठ वर्षांची मुलगी घसरून मनगटावर पडली. तेव्हापासून छत्र्यांची बादली जिन्यात असते, दाराशी दोन पायपुसणी असतात, आणि तास सुरू होण्याआधी मी स्वतः अनवाणी सगळ्या हॉलभर फिरते. गार, ओलसर लागलं की आधी कोरड्या फडक्याने पुसते. दमट हवेत तबल्याचाही स्वर उतरतो. तो मिळवायला हॉल दहा मिनिटं आधी उघडायला लागतो.

पहिल्या तासाला नव्या मुलींना घुंगरं देत नाही. भूमीला नमस्कार, आणि मग नुसत्या पायांनी ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. उघड्या पायाचा आवाज फरशीवर नीट उमटायला लागला, की खुंटीवरची पन्नास घुंगरं खाली उतरतात.